तिसऱ्या पायरीचं माप

सोमवारी सकाळी ताईचा फोन आला. ती एकच वाक्य बोलली आणि फोन ठेवून मोकळी झाली. "गुरुवारी तुमच्या समितीने नाही म्हटलं, तर शुक्रवारी मी यांना त्या संस्थेत नेऊन ठेवणार आहे." वारसा समितीत पाच माणसं आहेत आणि मी त्यातला एक. पण 'तुमच्या' या शब्दावर तिने असा जोर दिला की बाकीच्या चौघांचा त्यात काही संबंधच राहिला नाही.

तिचंही बरोबर होतं म्हणा. तळ्याकाठच्या आमच्या या उपनगरातली चौदा घरं आणि दोन चर्च वारसा यादीत आहेत, आणि ती यादी माझी. वीस वर्षांपूर्वी नगरपालिकेत ड्राफ्ट्समन असताना मी सुट्टीच्या दिवशी टेप आणि वही घेऊन हिंडायचो आणि श्रीमंतांच्या बंगल्यांची कुत्री अंगावर घ्यायचो. मी स्वतः बाजारामागच्या दोन खोल्यांत राहतो. तळ्याकाठी जे घर आहे ते ताईच्या सासऱ्यांचं, आणि आता ताईचं आणि भाऊजींचं. माझ्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर आहे. मीच घातलं तिथे, आणि त्या दिवशी पेढे वाटावेत इतका आनंद मला झाला होता.

कारण ते घर थोरल्या साहेबांचं. म्हणजे साहेब तिथे राहायचे असं नाही, त्यांनी ते बांधलं. शंभर वर्षांपूर्वी या तळ्याकाठी जे काही नाव घेण्यासारखं उभं राहिलं त्यामागे हा एक आर्किटेक्ट होता, आणि पूर्वेच्या काठावरचं दगडी चर्च तर असं की ते बघायला लांबून विद्यार्थी येतात. चर्चचा पोर्च आणि ताईच्या घराचा पोर्च सख्ख्या भावंडांसारखे. तीच कमान, तेच बुटके खांब, त्याच पाच पायऱ्या. घराच्या नकाशाचा एक लहान फोटो मला एका जुन्या गठ्ठ्यात सापडला, त्यावर साहेबांच्या कार्यालयाचा शिक्का, आणि माझी मांडणी पक्की झाली. आधी साहेबांनी घरावर हात बसवला, मग तोच पोर्च चर्चला लावला. मी पुस्तिका लिहिली. लोकांना हिंडवून दाखवायला लागलो. लोक मला मान द्यायला लागले, आणि मान घ्यायची सवय लागायला फार दिवस लागत नाहीत.

पहिल्या क्रमांकाच्या घराचा नियम कडक आहे. दर्शनी भागातला एक दगडही हलवायचा नाही. भाऊजींना झटका येईपर्यंत त्या नियमाचा कोणाला त्रास नव्हता.

त्याला तीन वर्षं झाली. उजवी बाजू गेली आणि बोलण्यातले चार-पाच शब्द उरले. 'चल', 'नको', 'अरे', 'पाणी', आणि एक शिवी, जी ते डॉक्टरांसाठी राखून ठेवतात. हा माणूस रोज सकाळी तळ्यात पोहायचा, थंडीतसुद्धा, आणि परत येताना माझ्या दारावर ओल्या हाताने थाप मारून मला उठवायचा. मला 'फूटपट्टी' हे नाव त्यांनीच ठेवलं. आता तळं घरापासून दोनशे पावलांवर आहे आणि मध्ये पाच पायऱ्या आहेत. मागच्या दाराला अकरा, कारण घर चढावर आहे. सुरुवातीला दोन माणसं त्यांना खुर्चीसकट उचलून उतरवायची. एकदा पुढच्या माणसाचा पाय तिसऱ्या पायरीवर चुकला आणि सगळे खाली आले. भाऊजींच्या कपाळाला सहा टाके पडले. तेव्हापासून कोणी उचलायला आलं की 'नको'. ते खिडकीशी बसतात. अलीकडे तर खिडकीशीही बसेनासे झाले होते, भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. डॉक्टरांनी ताईला स्पष्ट सांगितलं होतं की हे असंच राहिलं तर हा माणूस फार दिवस काढायचा नाही. ती अशा आजारी माणसांना सांभाळणारी संस्था लांब, डोंगरापलीकडे. पण सगळं सपाट, खुर्ची कुठेही जाते. तळं मात्र नाही.

ताईने रॅम्पसाठी दोनदा अर्ज केला. उतार एकास बारा हवा. पायऱ्यांची उंची अडीच फूट, म्हणजे तीस फूट लांब रॅम्प, आणि तो पायऱ्या काढूनच बसणार. समितीने दोनदा नाही म्हटलं. दोन्ही वेळा मी जवळच्या नात्यातला विषय म्हणून बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. त्याला मी तत्त्व म्हणत होतो. ताई त्याला शेपूट घालणं म्हणत होती.

मंगळवारी सकाळी मी समितीच्या हॉलवर गेलो. तिसऱ्या अर्जाचा नकाशा मीच काढून देत होतो, तेवढं तरी करावं म्हणून, आणि त्यासाठी पायऱ्यांची अचूक मापं हवी होती. ताईच्या दारात टेप घेऊन वाकायची माझी हिंमत नव्हती. साहेबांचा मूळ नकाशा हॉलमध्ये कपाटाच्या वर काचेत लावलेला आहे. त्याच्या शेजारी पुस्तिकेसाठी मी केलेली स्वच्छ प्रत, आणि माणसं बघतात ती तीच. मीही वीस वर्षं तीच बघत आलो. मूळ नकाशा उंच, काच धुळकट, आकडे बारीक. स्टुलावर चढलो, फ्रेम खाली काढली, रुमालाने काच पुसली आणि भिंग लावलं.

पहिली पायरी सहा इंच एक सूत, म्हणजे सहा इंच आणि वर इंचाचा आठवा भाग. दुसरी सहा इंच. तिसरी पाच इंच दोन सूत. चौथी सहा इंच तीन सूत. पाचवी पाच इंच सात सूत.

मला आधी वाटलं, माझे डोळे गेले. मग खिडक्या बघितल्या. दाराच्या दोन बाजूंना दोन खिडक्या, जोडीच्या. एक तीन फूट चार इंच तीन सूत, दुसरी तीन फूट पाच इंच. मी फ्रेम मांडीवर घेऊन तिथेच जमिनीवर बसलो.

हे का, ते ज्याने आयुष्यभर नकाशे काढलेत त्याला लगेच कळेल, बाकीच्यांना सांगतो. घर अजून बांधायचं असतं तेव्हा नकाशा काढणारा गोल आकडे लिहितो. पायरी सहा इंच, खिडकी साडेतीन फूट. कागदावर सुताची किंमत काय? पाच पायऱ्यांना पाच वेगळी मापं कोणी शुद्धीवर असताना देत नाही. ही सुतं निघतात ती उभ्या घराला टेप लावला की. गवंड्याचा हात, दगडाची जात, शंभर भानगडी, त्या सगळ्या आकड्यात उतरतात. म्हणजे हा बांधायच्या घराचा नकाशा नव्हताच. आधीच बांधलेल्या घराचं कोणीतरी घेतलेलं माप होतं. उजव्या खिडकीच्या वर एक बारीक नागमोडी रेघ होती, ती मी वीस वर्षांपूर्वी कागदाची घडी समजलो होतो. ती भिंतीतली चीर होती. कोणता आर्किटेक्ट न बांधलेल्या भिंतीला चीर काढेल?

आणि हे मला, नगरपालिकेत तीस वर्षं उभ्या घरांची मापं घेण्यात घालवलेल्या माणसाला दिसू नये? त्याचंही कारण सांगतो, लाज वाटते पण सांगतो. तेव्हा माझ्याकडे या नकाशाचा तो लहान फोटोच होता. त्यात फूट दिसत होते, इंच अर्धेमुर्धे दिसत होते, सुतं दिसत नव्हती. आणि आम्हाला नोकरीत पहिल्या दिवसापासून एकच शिकवलेलं, प्रत स्वच्छ काढायची. डाग घ्यायचा नाही, घडी घ्यायची नाही, अर्धवट आकडा दिसला तर जवळचा पूर्ण आकडा घालायचा. माझ्या स्वच्छ हाताची ऑफिसातले वरिष्ठ तारीफ करायचे. मी सहा, सहा, साडेपाच, सहा, सहा असं सुरेख अक्षरात लिहिलं आणि चीर पुसून टाकली. नंतर मूळ नकाशा मिळाला तो सरळ काचेत गेला, कारण त्यात आता काय बघायचं राहिलं होतं?

घर साहेबांचं नाही, एवढं डोक्यात शिरलं आणि पुढच्याच क्षणी माझ्या अंगात वारं भरलं. साहेबांचं नाही म्हणजे यादीतून बाहेर. यादीतून बाहेर म्हणजे रॅम्प. मी तोंडघशी पडणार, पुस्तिका रद्दी होणार, होऊ दे. भाऊजी तळ्यावर जातील. मी फ्रेम परत टांगली, स्टूल जागेवर ठेवलं, आणि दारापर्यंत गेलो तेव्हा दुसरा प्रश्न आडवा आला.

एवढ्या मोठ्या माणसाच्या कार्यालयाने एका अनोळखी गवंड्याने बांधलेल्या घराचं सुतासुतापर्यंत माप का घेतलं?

आणि तिसरी पायरी. ती अर्धा इंच कमी आहे हे मला माहीत होतं, साडेपाच मीच लिहिलं होतं. चर्चचीही तिसरी पायरी कमी आहे हेही माहीत होतं. त्यावर तर माझी जाहिरात होती. दर रविवारी मी लोकांना चर्चसमोर उभं करून सांगत आलो, बघा, तिसऱ्या पायरीशी पावलाची लय मुद्दाम मोडली आहे, देवाच्या दारात शिरण्याआधी माणसाने क्षणभर थबकावं म्हणून. लोक माना डोलवायचे. एक बाई एकदा रडल्या होत्या.

चर्चपर्यंत मी जवळजवळ पळत गेलो. या वयात पळणं शोभत नाही, पण सावकाश चालणं जमतच नव्हतं. पायऱ्या झाडणाऱ्या बाई केरसुणी घेऊन तिथेच होत्या. मी खिशातून टेप काढला आणि गुडघ्यावर बसलो. सहा इंच एक सूत. सहा इंच. पाच इंच दोन सूत. मी दोनदा मोजलं. सहा इंच तीन सूत. पाच इंच सात सूत.

"तिसरी मोजताय का?" बाई म्हणाल्या. "तिच्यावर सगळे अडखळतात. लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुली अडखळतात. कितीदा सांगितलं इथं, कोणी ऐकत नाही. कोण ते एक गृहस्थ येतात रविवारी, ते म्हणतात मुद्दाम केलीय."

"वेडाच असेल कोणीतरी," मी म्हणालो.

चर्च घराच्या नकाशानंतर एका वर्षाने बांधलं, ती तारीख कोनशिलेवर आहे. म्हणजे उलटं होतं सगळं. साहेबांना त्या गवंड्याचा पोर्च इतका आवडला की त्यांनी माणूस पाठवून त्याचं माप घेतलं आणि तो जसाच्या तसा चर्चला लावला, चुकीसकट. गवंड्याच्या हातून एक दगड कमी बसला, मापं घेणाऱ्याने इमानाने कमी लिहिला, चर्च बांधणाऱ्याने इमानाने कमी बसवला, आणि शंभर वर्षांनी मी त्यात देव शोधला. मला हसू आवरेना. पायरीवर बसून एकटाच हसत होतो आणि बाई केरसुणी धरून माझ्याकडे बघत होत्या.

मग हसू विरलं. इतकी मोठी गोष्ट मला जन्मात सापडली नव्हती. इथलं सगळ्यात नावाजलेलं चर्च ज्याच्यावरून उतरलं तो मूळ पोर्च ताईच्या घराला आहे, आणि तो कोणा निनावी गवंड्याचा आहे. हे मी सांगितलं तर त्या पाच पायऱ्या साहेबांच्या असत्या त्यापेक्षा दसपट मोलाच्या ठरणार होत्या. विद्यार्थी येणार, फोटो येणार, दोरी लागणार. रॅम्पचं नावही कोणी काढू देणार नाही. आणि शुक्रवारी भाऊजी डोंगरापलीकडे.

बुधवारी माझं बूड कुठे टेकेना. सकाळपासून तीनदा चहा टाकला आणि तिन्ही वेळा उकळून भांड्याबाहेर गेला. शेवटी ताईकडे गेलो. पाच पायऱ्या चढताना मी आयुष्यात पहिल्यांदा तिसरीवर अडखळलो.

ताई भाऊजींचे कपडे बॅगेत भरत होती. शर्टांच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत होती. भाऊजी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी आलोय हे त्यांना कळलं होतं, पण वळले नाहीत.

"अजून गुरुवार व्हायचाय," मी म्हणालो.

"तुझी समिती काय म्हणणार ते मला पाठ झालंय." तिने एक शर्ट उचलला, परत ठेवला. "स्वेटर किती देऊ कळत नाही. डोंगरात थंडी असते म्हणतात."

"ताई, घर साहेबांचं नसतं तर तुला चाललं असतं?"

"घर कोणाचं का असेना. मला यांना बाहेर नेता येत नाही एवढं मला कळतं." मग म्हणाली, "पण आहे ना साहेबांचं. सासरे सगळ्यांना सांगायचे. तूच तर लिहिलंस."

"लिहिलं खरं."

"मग आता काय त्याचं?" तिने बॅगेची चेन ओढली, ती अडकली, आणि ती चेन हातात धरून तशीच उभी राहिली. ताईला मी रडताना फार कमी वेळा बघितलंय. ती रडत नाही, नाक लाल होतं आणि आवाज चिडका होतो. "तू लहानपणापासून असाच. पेन्सिलीला टोक काढण्यात तुझी परीक्षा संपायची. यांच्याकडे बघ एकदा. मापं नको घेऊ, नुसतं बघ."

मी बघितलं. भाऊजींच्या मानेवर हाड वर आलं होतं. उशीवर डोक्याचा एक खड्डा पडला होता. त्यांनी मला फूटपट्टी म्हणावं म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं.

त्याच वेळी मी ठरवलं. अर्धं सांगायचं आणि अर्धं गिळायचं.

गुरुवारी अकरा वाजता समिती बसली. अध्यक्षीणबाई मध्ये, त्यांच्या उजवीकडे आमची चिटणीस. चिटणीस म्हणजे जेमतेम तिशीची आर्किटेक्ट, दोन वर्षांपूर्वी समितीत आलेली, मला काका म्हणते. कमी बोलते आणि सगळं लिहून घेते. मला या विषयात मत देता येत नव्हतं, पण यादीबद्दल निवेदन करायचा हक्क होता. मी उभा राहिलो, फ्रेम टेबलावर आणून ठेवली आणि सांगितलं. सुतं सांगितली, चीर दाखवली, माझी स्वच्छ प्रत शेजारी ठेवून मी काय काय पुसलं तेही दाखवलं.

अध्यक्षीणबाईंचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे घरावरची पाटी?"

"खोटी आहे. माझ्यामुळे."

"आणि पुस्तिका? तीन आवृत्त्या?"

"त्याही."

"वीस वर्षं तुम्ही आम्हाला त्या पायऱ्यांसमोर उभं करून," त्या म्हणाल्या आणि पुढचं बोलल्या नाहीत. सभ्य बाई आहेत. मी खाली मान घालून उभा राहिलो. खरं तर मला बरं वाटत होतं. तोंडावर थुंकले असते तरी चाललं असतं, कारण काम होत होतं.

तेव्हा चिटणीसने वहीतून मान वर केली. "काका, एक विचारू? घर त्यांचं नव्हतं, तर त्यांच्या कार्यालयाने त्याचं माप कशासाठी घेतलं?"

हॉलमध्ये पंखा फिरत होता. माझ्या खिशात चर्चच्या पायऱ्यांची पाच मापं लिहिलेली चिठ्ठी होती.

"मालकाला एखादी खोली वाढवायची असेल," मी म्हणालो. "त्यासाठी माप घेतलं असेल. मग काम झालं नसेल. असं होतं."

"असं होतं," ती म्हणाली. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग तिने ते लिहून घेतलं.

घर यादीतून काढलं. चार विरुद्ध शून्य. रॅम्पचा प्रश्नच उरला नाही, ज्याच्या घरी त्याने हवं ते करावं. मी ताईला फोन केला. तिने सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आता आमचं घर कोणाचंच नाही का रे?" आणि लगेच म्हणाली, "असू दे. असू दे. गवंड्याला कधी बोलावू?"

गवंडी सोमवारी आला. मी जायला नको होतं, पण पाय घरी राहिले नाहीत. त्याने पहार घातली आणि वरून एकेक दगड सुटा केला. तिसरा निघाला तेव्हा त्याने तो उलटा करून बघितला. "खाली चुना कमी पडलाय," तो म्हणाला. "हाताखालच्याने घाई केली असणार. बाकी काम उत्तम होतं हो. आता असं कोणी करत नाही." मी हो म्हणालो. त्याच्या तोंडून निघालेलं 'उत्तम' त्या निनावी माणसाला शंभर वर्षांत मिळालेली पहिली दाद असेल, आणि ती ऐकायला मी एकटा होतो. दगड फुटून रॅम्पच्या भरावात गेले.

दहा दिवसांनी रॅम्प वाळला. त्या सकाळी ताईने भाऊजींना पांढरा शर्ट घातला, दाढी केली आणि खुर्ची पोर्चमध्ये आणली. मला बोलावलं होतं, आणि खुर्ची रॅम्पच्या तोंडाशी धरून मी उभा होतो. भाऊजी खुर्चीत पुढे झुकून बसले होते, त्यांची नजर पाण्यावरून हलत नव्हती. ताई टॉवेल आणायला आत गेली, पाय तरी भिजवतीलच म्हणून. फाटकातून चिटणीस आली. हातात गुंडाळलेला कागद होता.

"छान झालाय," तिने रॅम्पकडे बघून म्हटलं. "एकास बारा?"

"एकास बारा."

ती जवळ आली आणि आवाज खाली घेऊन बोलली. "काका, बुधवारी मी हॉलवर गेले होते. ती फ्रेम पुसलेली दिसली. वीस वर्षांत कोणी पुसली नव्हती, म्हणून मी भिंग लावलं. मग चर्चला गेले. झाडणाऱ्या बाई म्हणाल्या, कालच एक गृहस्थ मोजून हसत बसले होते."

"म्हणजे तुला गुरुवारी सगळं माहीत होतं."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. विचारलं पण." तिच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "तुम्ही नाही सांगितलंत. मग तुम्हाला सगळ्यांसमोर खोटं पाडायला जीभ रेटली नाही."

"सांगितलं असतं तर हा माणूस आज डोंगरापलीकडे असता."

तिने कागद उलगडला. ताईच्या घराचा नकाशा होता, तिच्या हातचा. "तुम्ही आकडे बघितलेत. मूळ नकाशात खाली कोपऱ्यात लहानसा तळनकाशा आहे, तो बघितलात का? त्यात पोर्चची ही पूर्वेची बाजू मोकळी आहे. नुसता कठडा. ही भिंत नंतर घातलीय, ताईंच्या सासऱ्यांनी पावसासाठी घातली असेल. मूळची नाही, म्हणजे काढायला नियमाची आडकाठी नाही. इथून बाजूने बागेतून रॅम्प उतरतो. चौतीस फूट. पायऱ्यांना हात लावायचं कामच नाही."

मी त्या भिंतीकडे बघितलं. चाळीस वर्षं तिला टेकून चहा प्यायलो होतो. विटांची साधी भिंत, दगडी घराला लावलेली. कोणत्याही ड्राफ्ट्समनला कळावं.

"हा मी गुरुवारी पिशवीत घेऊन बसले होते," ती म्हणाली. "तुम्ही दुसरं अर्धं सांगाल, मग काढीन म्हणून."

"समितीने मान्य केलं असतं?"

"माहीत नाही. कदाचित नसतं केलं. अध्यक्षीणबाईंचं काही सांगता येत नाही."

एवढं तरी तिने खोटं बोलायला हवं होतं. नक्की नसतं केलं, असं म्हणाली असती तर मी तिचे पाय धरले असते. मी सगळ्या जगाला फूटपट्टी लावली आणि शेजारी बसलेल्या पोरीला एक शब्द विचारला नाही. पायऱ्या गेल्या, माझ्या एकट्याच्या शहाणपणाने गेल्या, आणि मला भाऊजींकडे बघून आनंदही होत होता. दोन्ही एकाच वेळी होत होतं आणि कोणतंच दुसऱ्याला हटवत नव्हतं.

"ठेवा हा तुमच्याकडे," ती म्हणाली आणि नकाशा पुढे केला.

माझे दोन्ही हात खुर्चीला होते. उतारावर खुर्ची सोडता येत नाही. तिने जरा विचार केला आणि कागद भाऊजींच्या मांडीवर ठेवला. तळ्यावरून वारा येत होता, कागदाची कड फडफडली. भाऊजींनी डाव्या हाताने तो दाबून धरला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चल."